मागच्या गिअरमधले अण्णा

“सरका, सरका! वाट मोकळी करा. अण्णांना मागे यायचंय!”

ड्रायव्हरच्या खिडकीतून निरोप्याने हाळी दिली आणि गल्लीतली पन्नाससाठ माणसं दोन्ही बाजूंच्या भिंतींना पाठ लावून उभी राहिली. कुणी गच्चीवर चढलं होतं, कुणी पोराला खांद्यावर घेतलं होतं. शिंप्याने तर दुकानातलं स्टूल आणून त्यावर आपल्या म्हाताऱ्या आईला बसवलं होतं, तिला नीट दिसावं म्हणून.

अंगणात अण्णांची राखी रंगाची, तीस वर्षांची गाडी घरघरत होती. अंगण रस्त्यापेक्षा खाली, त्यामुळे गाडी मागे काढायची म्हणजे चढावरच काढायची. मागच्या सीटवर पांढरी चादर, चादरीवर अण्णांचा चष्मा. मागच्या दाराच्या काचेला तळहात टेकून अण्णांची बायको उभी होती.

“अण्णा,” निरोप्या डोळे मिटून म्हणाला, “आई विचारतायत, रक्तदाबाच्या गोळ्या पुन्हा सुरू करू का? हो असेल तर हाक द्या. नाही असेल तर शांत या.”

मागचा गिअर पडला. गाडी मांजराच्या पावलांनी चार हात मागे सरकली आणि थांबली.

“नाही!” गल्लीने एका श्वासात उत्तर वाचलं.

मग शिंप्याने विचारलं, दुकान मोठ्या रस्त्यावर हलवू का? गाडी अंगणात परत नेली, पुन्हा मागे निघाली, आणि या खेपेला मागून अशी काही धडधडली की सीटवरचा चष्मा नाचत नाचत कडेला आला. काचा खडखडल्या, मागचा बंपर थरथरला. “हो! हो म्हणाले!” म्हणून एकच ओरडा झाला. शिंप्याच्या आईने डोळ्यांना पदर लावला.

अण्णांची सून दारात उभी होती. तिला या गर्दीत मिसळता येत नव्हतं आणि पाठ फिरवून आत जाताही येत नव्हतं. आईंनी गोळ्या सोडून सतरा दिवस झाले होते. सकाळी जिन्यात त्यांचा तोल गेला होता, आणि “काही नाही गं, जरा चक्कर,” म्हणून त्यांनी विषय झटकला होता.

निरोप्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. गेलेल्या माणसांचे निरोप आणतो म्हणून लोक त्याला पाठीमागे निरोप्या म्हणत, तोंडावर महाराज. आधी बावीस वर्षं तो लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर होता. एकदा रिकाम्या बसमध्ये मागच्या सीटवरून कुणीतरी हाक मारली म्हणे. तेव्हा बस सुटली आणि हाक चिकटली. कुणाकडून तो काही घेत नसे, हे त्याचे भक्त छाती फुगवून सांगत. घेत नव्हता, हे खरं. पण तो आला की गल्ली उठून उभी राहायची, आणि दोन महिन्यांत अशी वेळ आली होती की त्याच्या शब्दावाचून कुणी नोकरी बदलेना की दवाखान्यात जाईना. माणसाला एवढं मिळालं तर आणखी काय हवं?

आणि बोलायचा असा की ऐकत राहावं. “मरण म्हणजे काय? पुढचे गिअर संपले! उरला तो मागचा. संसार पुढे पळतो, आत्मा रिव्हर्समध्ये राहतो. म्हणून तर अण्णा पुढे जाताना गप्प असतात आणि मागे येताना बोलतात.” यावर शहाणीसुरती माणसं माना डोलवत. कोपऱ्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांनी तर हे वाक्य वहीत उतरवून घेतलं होतं.

अण्णा गेले त्याला तीन महिने झाले होते. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजलेला, मोजकंच बोलणारा माणूस. त्या सकाळी न्हाणीघरात कोसळले. मुलगा कारखान्यात पहिल्या पाळीला, आई बहिणीच्या गावी. घरात एकटी सून. शेजाऱ्याच्या मदतीने तिने त्यांना मागच्या सीटवर आडवं केलं, गाडी मागे काढली, आणि दवाखान्याच्या वाटेवरच सगळं संपलं.

चारच दिवसांनी मुलाने गाडी बाहेर काढली तेव्हा ती मागून पहिल्यांदा थरथरली. शेजारी बसलेल्या आई दचकून म्हणाल्या, “हे ठोठावतायत.” मुलाने ते खोडून काढलं नाही. त्यालाही वाटलं असेल, आईला तेवढाच आधार. बुडत्याला काडी मिळाली की ती काडी कुठली, हे कोण विचारतो? शिंप्याने निरोप्याला आणलं, आणि ठोठावण्याचं बोलणं झालं.

इथवर सुनेने सहन केलं असतं. पण मागच्या रविवारी आईंनी मागच्या दाराच्या काचेला हात टेकून वेगळाच प्रश्न विचारला होता. “यांना न्यायला उशीर झाला का? हिच्याकडून?”

गाडी जागच्या जागी धडधडली होती.

पन्नाससाठ माना एकदम दाराकडे वळल्या. आरोप खोटा असता तर सून भांडली असती. पण त्या सकाळी गडबडीत तिने हँडब्रेक सोडलाच नव्हता. गाडी चढावर चढेना, नुसती गुरगुरे. ती घाबरून आणखी ॲक्सिलरेटर दाबत राहिली. केव्हातरी चूक लक्षात आली, तिने ब्रेक सोडला, तशी गाडी उसळून फाटकाच्या दगडावर आपटली आणि रस्त्यावर गेली. एक मिनिट गेलं असेल, कदाचित दोन. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही. मग गाडीला कसं कळलं?

त्या रविवारपासून आई तिच्या हातचा चहा घेत नव्हत्या. नवरा ताटावर मान खाली घालून जेवायचा. “तू मनावर घेऊ नकोस,” एवढं म्हणायचा, पण ‘हे खोटं आहे’ असं म्हणत नव्हता. आणि ती? रात्रंदिवस तिच्या मनात एकच घोळत होतं, की अण्णांनी खरंच सांगितलं.

सून एका दवाखान्यात कानतपासणीचं काम करायची. काचेच्या खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, आपण बाहेरून बटण दाबायचं. बारीकसा आवाज ऐकू आला की त्याने बोट वर करायचं. बुधवारी एक आजोबा आले. दर वेळी बिनचूक बोट वर करत होते. तिचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. मध्येच तिने केस मागे सारले, बटण दाबलंच नव्हतं, तरी आजोबांचं बोट वर.

“आजोबा, आता आवाज आला?”

“आता तुमचा हात हलला ना, म्हणजे आला असणार!” आजोबा निरागसपणे म्हणाले.

बटणासमोरचा पुठ्ठा बाजूला पडला होता. हात दिसू नये म्हणून तो असतो, हे ती गेली नऊ वर्षं शिकाऊ मुलींना शिकवत होती. तपासणाऱ्याला उत्तर माहीत असलं आणि सांगणाऱ्याला तपासणारा दिसत असला, तर ती तपासणी नव्हे. पुठ्ठा उचलून जागेवर ठेवताना तिचा हात मध्येच थांबला. निरोप्या गाडीत बसताना मांडीवर एक मोठी शाल पसरतो. भर उन्हाळ्यात. ती शाल त्याच्या पायांवरून खाली लोंबते आणि शेजारच्या सीटपर्यंत पोचते.

तिने तपासणी पुन्हा पहिल्यापासून घेतली. मग सुटी झाल्यावर दवाखान्यामागच्या गॅरेजात गेली.

ते गॅरेज एक मावशी चालवत. हातावर ग्रीस, कानावर पेन्सिल, आणि बोलणं असं की स्क्रू आपोआप घट्ट व्हावेत.

“पुढे जाताना हादरते?” मावशींनी विचारलं.

“नाही.”

“उभ्या गाडीत इंजिन वाढवलं तर?”

“नाही.”

“सपाट रस्त्यावर मागे घेतली तर?”

“क्वचित. चढावर जास्त.”

“हं. म्हणजे चाकांचा दोष नाही, टायरचाही नाही. ते पुढेही बोंबलले असते. कधीपासून?”

“तीन महिने.”

“तेव्हा काय झालं होतं?”

“काही नाही. घाईत काढली होती.” मावशींनी हातातला पाना खाली ठेवला. “हे बघ बाई, डॉक्टरशी आणि मिस्त्रीशी खोटं बोलू नये. दोघांनाही शेवटी उघडून बघावंच लागतं.”

तेव्हा तीन महिन्यांत पहिल्यांदा तिने ते सांगितलं. हँडब्रेक, गुरगुरणारी गाडी, फाटकाचा दगड, सगळं. सांगताना तिला हुंदका आवरेना. मावशींनी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही, हात काळे होते म्हणून. पण बसायला रिकामा डबा पुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई विश्रांती घेत असताना मावशी टॉर्च आणि लोखंडी पहार घेऊन अण्णांच्या गाडीखाली शिरल्या. खालून ठक् ठक् आवाज आला. मग म्हणाल्या, “वाक आणि बघ.”

सून अंगणात पालथी पडली. मावशींनी गिअरबॉक्सखाली पहार घालून जरा रेटली, तर ते लोखंडी धूड चांगलं दोन बोटं वर उचललं गेलं आणि सोडताच धप्पकन बसलं.

“हा गिअरबॉक्स या रबरावर बसतो. रबर एका अंगाने फाटलंय. पुढे जाताना जोर चांगल्या अंगावर येतो, गिअरबॉक्स गप बसतो. मागे येताना जोर उलटा, फाटक्या अंगावर. मग तो उचलतो. आणि हा लांब दांडा दिसतो? इंजिनची ताकद मागच्या चाकांना हाच नेतो. गिअरबॉक्स उचलला की दांडा तिरका होतो, त्यात सांध्यातला फुलीसारखा क्रॉसही झिजलाय, की लागली मागची बाजू नाचायला.”

“मग कधी शांत आणि कधी धडधड, ते कसं?”

“जोर कमी दिला तर गिअरबॉक्स उचलत नाही, शांत. गाडी कशाला तरी अडकवून जोर दिला, तर धडधड.” मावशी बाहेर सरकल्या आणि त्यांनी पदराने कपाळ पुसलं. “प्रश्न विचारताना त्याचे हातपाय कुठे असतात?”

“शालीखाली.”

मावशींनी नुसतं तिच्याकडे पाहिलं.

“रबर कुजलेलंच होतं,” त्या म्हणाल्या. “तू त्या दिवशी हँडब्रेक लावून गाडी ओढलीस, त्यात फाटलं, एवढं खरं. त्यापलीकडे या गाडीला काहीही ठाऊक नाही. आणि ऐक, तो क्रॉस तुटला तर दांडा निसटून खाली आपटेल. चढावर आहे गाडी. तिच्या मागेपुढे माणसं उभी करू नका.”

रविवारी पुन्हा गर्दी जमली. मावशी आल्या आणि त्यांनी आधी फाटकातली, मागची सगळी माणसं बाजूच्या ओट्यांवर पिटाळली. आईंनाही काचेपासून हाताला धरून बाजूला घेतलं. निरोप्याने भुवई उंचावली.

सून पुढे आली. “महाराज, आज आई प्रश्न कागदावर लिहितील. मोठ्याने विचारायचे नाहीत. अण्णांना तर मनातलंही कळतं.”

“आत्म्याची परीक्षा घेऊ नये, बाळ,” निरोप्या मधाळ आवाजात म्हणाला. “आत्मा रुसतो.”

“परीक्षा कसली, महाराज?” आईच मध्ये बोलल्या. त्यांचा चेहरा विश्वासाने उजळला होता. “त्यांना माझं अक्षर चांगलं ओळखीचं आहे.”

आता नाही म्हणायची सोय उरली नाही. आईंनी ओट्यावर बसून पहिली चिठ्ठी लिहिली, छातीशी धरली. गाडी मागे निघाली, शांत. आईंनी चिठ्ठी उघडून वाचली: “आपल्याला मुलगा आहे का?”

मुलगा तिथेच उभा होता, हाताची घडी घालून.

“नीट ऐकू गेलं नसेल,” आई म्हणाल्या आणि दुसरी लिहिली. गाडी धडधडली. “तुम्ही मोजणी खात्यात होतात का?” गर्दीने सुटकेचा श्वास सोडला. “बघा!” शिंपी म्हणाला. तिसऱ्या वेळी गाडी पुन्हा शांत सरकली, चिठ्ठीत होतं, “तुम्ही डावखुरे होतात ना?” डाव्या हाताने अण्णांनी अर्ध्या गल्लीचे नकाशे काढले होते. चौथ्या वेळी जोरात धडधड झाली, आणि आईंनी वाचलं, “आपल्याला तीन मुली आहेत का?” गच्चीवरून कुणीतरी फिसकन हसलं.

सुनेला वाटलं, आता पुरे. ती “आई,” म्हणून पुढे झाली. पण आईंनी तिला हाताने थांबवलं आणि पाचवी चिठ्ठी लिहिली. खूप वेळ लावून. गाडी मागे निघाली. चाकांखालची वाळू करकरली तेवढीच. धडधड नाही, थरथर नाही.

आईंनी ही चिठ्ठी मोठ्याने वाचली नाही. मुलाने ती त्यांच्या हातातून घेतली. त्यावर लिहिलं होतं, “मी तुमची बायको आहे ना?”

“रुसले!” निरोप्या खिडकीतून ओरडला. “म्हटलं नव्हतं? संशयाने आत्मा उलट बोलतो! हो ला नाही, नाही ला हो!”

“मग मोजणी खात्यात ते नव्हतेच तर?” निवृत्त हेडमास्तरांनी वहीतून मान वर करून विचारलं. त्यांना खरोखरच कळत नव्हतं. गल्ली हसली, पण ते हसणं लगेच विरलं.

“उतरा खाली,” मावशी म्हणाल्या आणि दार उघडलं. निरोप्या शाल सावरत उतरू लागला, तर शालीचं टोक हँडब्रेकच्या दांड्यात अडकलं. शाल तिथेच राहिली. मावशींनी ती उचलली, स्वतः आत बसल्या आणि सगळ्यांना डोकावायला लावलं. “आता नुसत्या क्लचवर घेते, हळू.” गाडी मांजरासारखी सरकली. “आता हा हँडब्रेक तीन खाचा वर ओढते आणि जोर देते.” गाडी गदगदून धडधडली, काचा वाजल्या. मावशींनी ताबडतोब इंजिन बंद केलं. “तिसऱ्यांदा करणार नाही, दांडा तुटेल. ज्याला खालचं फाटकं रबर बघायचंय त्याने माझ्याबरोबर वाकावं. अण्णांना मी आयुष्यात कधी भेटले नाही, तरी माझ्याशीही बोलले बघा.”

पहिले वाकले ते हेडमास्तर. मग शिंपी. निरोप्या “अज्ञानी लोक” असं काहीसं पुटपुटत फाटकाबाहेर पडला. शाल न्यायचं त्याला भान राहिलं नाही. त्याला अडवायला कुणी गेलं नाही. फसवला गेलेला माणूस फसवणाऱ्याकडे पाहू शकत नाही, त्याला स्वतःचीच लाज वाटत असते.

सुनेला वाटलं होतं, आता मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. आई तिच्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाल्या, “मला दुसऱ्यांदा विधवा केलंस,” आणि खोलीत जाऊन कडी लावून घेतली.

मुलगा संध्याकाळी दाराशी बसून राहिला. “गोळ्या तरी घे गं आई,” एवढंच म्हणत होता. तिसऱ्या दिवशी आईंनी गोळी घेतली. बोलल्या नाहीत. मावशींनी गाडी गॅरेजात नेली, रबर बदललं, क्रॉस बदलला. गाडी परत आली तेव्हा चढावर गुपचूप मागे येऊ लागली. त्या शांततेकडे आई खिडकीतून पाहत राहिल्या, आणि सुनेला त्यांच्याकडे पाहवेना.

आठवड्याने एका दुपारी सून कपडे घड्या करत असताना आई येऊन पलंगाच्या कडेला बसल्या.

“त्यांना त्रास झाला का? शेवटी?”

सुनेने घडी अर्धी टाकली. मग तिने सगळं सांगितलं. हँडब्रेक राहिला, ते आधी सांगितलं. मग पुढचं. “पुलापर्यंत श्वास चालू होता. डोळे मिटलेले. बोलले काही नाहीत. मीच बोलत होते.”

“काय बोलत होतीस?”

“तुम्ही येताय, वाटेत आहात, असं. खोटंच.”

आई बराच वेळ चादरीचा काठ बोटांनी दुमडत राहिल्या. “हे तीन महिने का नाही सांगितलंस?”

“तुम्ही विचारलंच नाही, आई. गाडीला विचारत होतात.”

दोघी मिळून डॉक्टरांकडे गेल्या. ते एक मिनिट गेलं नसतं, तर अण्णा वाचले असते का, हे सुनेने स्वतःच विचारलं. डॉक्टरांनी मेंदूतल्या रक्तस्रावाचे कागद पुन्हा चाळले. “बहुधा नाही,” ते म्हणाले. “पण ‘बहुधा’च म्हणेन. याहून ठाम सांगणारा कुणी भेटला तर त्याच्यापासून जपून राहा.” सुनेला ते ‘बहुधा’ आजही टोचतं. आईंनी मात्र परत येताना रस्ता ओलांडताना तिचा हात धरला होता, आणि ओलांडून झाल्यावरही लगेच सोडला नव्हता.

निरोप्या आता दुसऱ्या गावी आहे. तिथे म्हणे पाण्याचा एक पंप बोलतो. रांगा लागतात.

त्या गावच्या माणसांना एवढंच सांगणं आहे: पंप बोलत नसतो, त्याचं बेअरिंग गेलं असेल. मिस्त्रीला बोलवा, पंप उघडा, आणि उघडताना सगळ्यांनी जवळून बघा. आणि आपल्या गेलेल्या माणसाविषयी काही विचारायचंच असेल, तर शेवटी त्याच्याजवळ जो होता त्याला विचारा. तो जिवंत आहे, त्याला तोंड आहे, आणि कुणीतरी विचारावं म्हणून कदाचित तोही तळमळत असेल.